जुने दुखणे आणि नवा विमा

आमचे मेहुणे कोल्हापुरात गुळाची अडत चालवतात. सारा जन्म गुळाच्या रव्यांत गेला आणि पन्नाशीच्या आतच डॉक्टरांनी साखर असल्याचे सांगितले. पुढे त्यांनी आरोग्यविमा घेतला. अर्जात ‘पूर्वीचे आजार’ असा रकाना होता. एजंट म्हणाला, "दाजी, साखर-बिखर कशाला लिहिताय? हप्ता वाढंल." रकाना कोरा राहिला. दुसऱ्या वर्षी हृदयाचे दुखणे निघाले. दवाखान्याच्या कागदावर ‘मधुमेह, पाच वर्षे’ अशी नोंद. कंपनीने दावा नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली.

कंपनीवर आम्ही खूप चिडलो; पण कायदा पाहिला तर आमचीच बाजू लंगडी! विमा हा पूर्ण विश्वासाचा करार. विचारलेली महत्त्वाची गोष्ट दडवली, तर कंपनीला दावा नाकारता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सतवंत कौर संधू यांच्या खटल्यात सांगितले आहे.

आता दुसरी बाजू ऐका. मनमोहन नंदा यांनी अमेरिकेला जाताना विमा उतरवला. मधुमेह असल्याचे सांगितले, कंपनीच्या सांगण्यावरून तपासणीही झाली. तिकडे उतरताच हृदयविकाराचा झटका आला, आणि कंपनीने जुन्या आजाराचे कारण पुढे केले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. आजार माहीत असून पॉलिसी दिली, मग त्याच आजाराकडे बोट दाखवून हात झटकता येणार नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ.

म्हणजे सांगितलेले दुखणे तुमच्या बाजूने साक्ष देते. मात्र थांबावे लागते. पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान किंवा उपचार झाले, तो आजार नियमाने ‘पूर्वीचा’. त्याच्या खर्चासाठी कंपनी फार तर ३६ महिने थांबवू शकते; २०२४ पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. सलग ६० महिने विमा चालू राहिला, की ‘माहिती दडवली’ ही सबब चालत नाही; फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. सलग हा शब्द ध्यानात ठेवा. कंपनी बदलली तरी रीतसर बदलल्यास जुने महिने मोजले जातात. हप्ता चुकवून विमा तुटला, तर मात्र पाटी कोरी!

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही वाट पाहणे नाही. योजनेत बसणाऱ्या उपचारांना जुना आजार आड येत नाही. खासगी कंपनीने दावा नाकारलाच, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. महिन्यात दाद लागली नाही, तर आपल्याला पुण्याचे विमा लोकपाल आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

मेहुण्यांनी पुन्हा विमा घेतला आहे, जादा हप्ता भरून. या खेपेस रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने भरला: साखर, हृदय, गोळ्यांची नावेसुद्धा. अर्जाची नक्कल दुकानाच्या गल्ल्यात ठेवली आहे, आणि कॅलेंडरवर महिने मोजत आहेत.