घाणीचा राक्षस आणि शहराचा नकाशा



नगररचनेवर व्याख्यान आहे असे कळले की निम्मे श्रोते घरी राहतात, आणि त्यात श्रोत्यांचा दोष नाही. आरक्षण, रस्तारेषा, चटई क्षेत्र या भाषेने कोणाच्याही डोळ्यांपुढे आपली गल्ली उभी राहत नाही. म्हणून आज आम्ही नकाशा जरा बाजूला ठेवून एका मिरवणुकीची हकीकत सांगणार आहोत.

पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे पंडित. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे झाडाकडे पाहावे तसे ते शहराकडे पाहू लागले. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी होळकरांच्या इंदूर संस्थानाने त्यांस शहराच्या पाहणीसाठी बोलाविले. शहराला प्लेगने घेरले होते. नकाशे घेऊन बोळाबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला म्हातारा म्हणजे प्लेग आणणारा साहेब, अशी कुजबूज लोकांत सुरू झाली. अशा माणसाचे कोण ऐकणार?

तेव्हा गेडीसांनी महाराजांपाशी मागणी केली ती एका दिवसाच्या राजेपणाची! दिवाळीला मिरवणूक काढावयाची, पण ती नेहमीच्या मार्गाने नव्हे. जेथली घरे अधिकांत अधिक झाडून, दुरुस्त करून निघतील, त्याच वाटेने ती जाईल असे जाहीर झाले. मग काय विचारता! मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणास वाटणार नाही?

तिच्यात घाणीचा प्रचंड राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. त्यांच्या मागून शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हाती नवे झाडू घेतलेले सफाई कामगार चालत होते. मागाहून नगराची देवता आली, नव्या शहराचा आराखडा आला. लोकांस तुळशीची रोपे वाटली गेली, आणि शेवटी राक्षस व उंदीर यांस अग्नी दिला. रावणदहन पाहिलेल्या माणसास याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. आम्हांस त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते कामगारांचे स्थान. ज्यांस गाव एरवी लांब उभे करी, ते त्या दिवशी भर रस्त्यातून वाजतगाजत गेले.

अर्थात कागदाचा उंदीर जळतो, खरा बिळात राहतो. गेडीसांस हे पक्के ठाऊक होते. १९१८ साली त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. सरसकट पाडापाडी करून सरळ रस्ते काढण्याचे वेड त्यांस मान्य नव्हते. अडणारे तेवढेच घर काढा, तेथे मोकळी जागा करा, जुने झाड राखा, असा त्यांचा मार्ग. मिरवणुकीच्या मागे इतका अभ्यास उभा होता, म्हणूनच आम्ही तिला तमाशा म्हणत नाही.

आता आपल्याकडे वळू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांस हरकती आणि सूचना देता येतात. आपण त्या देतोही; पण बहुधा स्वतःच्या प्लॉटवरील आरक्षणापुरत्या! रस्ता रुंद व्हावा की पदपथ, याची हरकत कोणाच्याच मालकीची नसते. चालणाऱ्या माणसाचा सातबारा कोठे असतो?

तेव्हा पुढच्या खेपेस अर्जात ‘पादचाऱ्यांची गैरसोय होते’ असे गुळमुळीत लिहू नये. शेजारच्या आजीबाई देवळास जातात, त्यांच्याबरोबर एक दिवस चालावे. पदपथ कोठे संपला, त्या कोठून रस्त्यावर उतरल्या, अर्ध्या वाटेत कशाच्या आधाराने थांबल्या, हे क्रमाने लिहावे. त्यांच्या परवानगीने, हे सांगणे नको. आणि त्या दुभाजकाशी खोळंबल्या असताना समोरून किती गाड्या गेल्या, सिग्नल किती सेकंद हिरवा होता, हेही घड्याळ लावून मोजावे. गोष्ट ऐकून साहेबांचे मन द्रवेल. पण फाइलीवर शेरा मारावयास त्यांस आकडा लागतो.