प्रवरेच्या उगमाचा मुलूख

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सह्याद्री जितका उंचावतो तितका महाराष्ट्रात अन्यत्र कोठेही नाही. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर येथलेच. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात विसावते आणि पुढे रंधा येथे कड्यावरून कोसळते. पर्यटक बहुधा एवढेच पाहून परततात. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर मात्र सवडीने पाहावयास हवे. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराचे लेणेही. तेथील भव्य शिवलिंगाभोवती गार पाणी असून चार खांबांपैकी एकच अखंड उरला आहे.

१९८६ साली हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. पावसाळ्याच्या तोंडावर येथील हिरडा, जांभूळ आदी वृक्ष काजव्यांनी लखलखतात. हा त्यांचा मीलनकाळ. नरमादी परस्परांस प्रकाशाच्या खुणेने ओळखतात. मोटारींच्या व विजेऱ्यांच्या झोतात नेमकी ती खूणच हरवते, आणि गवतातले काजवे पायांखाली चिरडले जातात. गर्दीमुळे गावकऱ्यांस चार पैसे मिळतात, हेही खरे. म्हणून सरसकट बंदी हा उपाय नव्हे. वाहने वेशीबाहेर थांबवून दिवे मालवावेत व पुढे स्थानिक वाटाड्यासोबत पायी जावे, एवढी व्यवस्था ग्रामपंचायतींना वनखात्याच्या साहाय्याने करता येण्यासारखी आहे.