कॉफी हाऊस कोणाचे?



कोलकात्यास जाणारा साहित्यप्रेमी कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाऊसला भेट दिल्यावाचून सहसा परतत नाही. पुस्तकांच्या दुकानांतून वाट काढीत तो जिना चढतो, रवींद्रनाथांच्या तसबिरीकडे पाहतो आणि चौकशी करतो : सत्यजित राय कोठे बसत? ‘कृत्तिवास’च्या कवींचे टेबल कोणते? हे कुतूहल योग्यच आहे. परंतु हे घर आजवर कोणी टिकविले, हा प्रश्न विचारावयाचा मात्र राहून जातो.

हा मूळचा अल्बर्ट हॉल. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांनी १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन’ची स्थापना केली ती अल्बर्ट हॉलमध्येच. १९४२ साली येथे कॉफी मिळू लागली. अशा उपाहारगृहांचा आरंभ १९३६ साली मुंबईत, चर्चगेटला झाला होता. देशी कॉफीचा खप वाढविणे हा त्यामागील हेतू होता. वैचारिक चळवळींना आसरा देण्याची योजना कोणीही आखली नव्हती. एका स्वस्त पेल्यावर तासन् तास बसता येई, एवढ्यानेच ते कार्य साधले.

पुढे कॉफी बोर्डाने ही केंद्रे बंद करण्याचे ठरविले आणि कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी ती स्वतःच चालविण्याचा निर्धार केला. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूरला पहिली सहकारी संस्था निघाली. ऑक्टोबरात दिल्लीत कामगारांचे पहिले ‘इंडियन कॉफी हाऊस’ उघडले. १९५८ साली त्रिशूरला. त्याच वर्षी कोलकात्याचे दालन बंद पडले होते. प्राध्यापकांनी सरकारकडे धाव घेतली आणि त्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले. आज तेही कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आहे.

या इतिहासाचा गौरव करताना त्यातील अडचणही पाहिली पाहिजे. पेला स्वस्त ठेवावा तर वेतन कोठून वाढवावे? आणि वेतन वाढवावे तर विद्यार्थ्याने बसावे कोठे? सहकाराची खरी कसोटी या हिशेबात आहे. त्याचे उत्तर एकट्या कामगाराच्या त्यागातून मागणे हा अन्याय होय. शोषणमुक्त समाजाची चर्चा ज्या टेबलांवर रंगली, त्या टेबलांशी फेटा बांधून उभा असलेला माणूस त्या चर्चेत क्वचितच आला. थोरांच्या खुर्च्या पाहावयास जाणाऱ्याने निदान त्याच्या पगाराची विचारपूस करावी, आणि संस्था जगेल इतकी किंमत आनंदाने मोजावी.