लाँड्रीच्या पावतीवर कुणाचे कपडे?

मैत्रिणींनो, वस्तीतल्या लाँड्रीत गिऱ्हाइकांशी बोलताना मला दिसलं, की गाठोडं आणते बाई आणि डाग राहिला तर घरी बोलणी खाते तीच. पावतीवर मात्र शर्ट-पँटच जास्त. तिची रोजची साडी, परकर, पाळीची फडकी मोरीतच धुतली जातात. तिथे पैसे पडत नाहीत, कारण तिचे हात फुकटचे! २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं दिली, पुरुषांनी ८८. मोरीतलं धुणं या मिनिटांतच मोडतं. म्हणून पुढच्या बैठकीला लाँड्रीची पावती आणा. कुणाचे कपडे बाहेर जातात, कुणाचे हात झिजतात, याचा हिशेब मिळून मांडू. धुणं वाटून घेण्याची बोलणी तिथूनच सुरू करू.