पंप कुणाच्या नावावर?

(महिला शेतकरी मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय, टाळेबंदीत बचत गटांनी काय काम केलं. मास्क शिवले, धान्य वाटलं, ते तुम्हीही केलंत आणि त्याचे फोटोही निघाले. मी फवारणीच्या पंपाबद्दल बोलणार आहे. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

आमच्या गटाची अवजारांची एक पत्र्याची शेड आहे. तीत दोन सायकल कोळपी, ताडपत्र्या आणि पाठीवरचे तीन पंप. बाईनं वहीत सही करायची, दिवसाचे 20 रुपये द्यायचे, अवजार न्यायचं. एवढा खटाटोप कशाला? तर अनुदानावर पंप घ्यायचा म्हटलं की अर्जाला सातबारा लागायचा, आणि सातबारा असायचा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका सुमारे 14 टक्केच होत्या. रानात मात्र बघा किती दिसतात! नवरा वारलेल्या बाईला पंप भावकीत मागावा लागतो. भावकी नाही म्हणत नाही. फक्त स्वतःचं रान आटपल्यावर देते. अळी तोवर थोडीच थांबते?

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली. दोनच दिवसांनी केंद्र सरकारनं शेतीकामाला आणि अवजारं भाड्यानं देणाऱ्या केंद्रांना सूट दिली. पण कागदावरची सूट आमच्या वेशीपर्यंत आली नाही. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या, पोरं पहाऱ्याला, आणि शेड वेशीच्या पलीकडे. पुरुष ‘रानात चाललो’ म्हणाला की काटी बाजूला व्हायची. बाईला मात्र विचारणार, ‘तुमचं काय काम?’ वांग्याला शेंडे पोखरणारी अळी लागली होती, हेच आमचं काम! शेवटी तो आदेश मोबाईलवर मिळवून आम्ही पोरांना वाचून दाखवला. तेव्हा कुठे वाट मिळाली.

मग पंचायतीची माणसं आली. गावात हायपोक्लोराइट फवारायचंय, तिन्ही पंप द्या. ‘गावासाठी आहे, ताई.’ गावात आम्हीही राहतो ना! फोनवरच बोलणं झालं आणि ठरलं, जुना एकच पंप द्यायचा, आणि वहीत सही घेऊन. त्या वहीत पुरुषाची ती पहिली सही. सही करताना ते गृहस्थ हसले, पण केली.

18 एप्रिलला आरोग्य मंत्रालयानं सांगितलं, माणसांच्या अंगावर असली फवारणी करू नका. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं रस्त्यांवर फवारण्याचीही शिफारस नाही म्हटलं. तोवर आमच्या पंपाचं पितळी नोझल खाऊन गेलं होतं, वायसर कडक झाले होते. दुरुस्तीचे पैसे आम्ही लेखी मागितले. अजून मागतोच आहोत.

उरले दोन पंप. एक तणनाशकाचा, त्याला लाल पट्टा. तो पिकावर चालत नाही, कारण टू-फोर-डीचा अंश राहिला तर वांगी, कापूस वाकडे होतात. म्हणजे अळीसाठी खरा पंप एकच, आणि बायका अकरा. किल्ली एकीकडे, पाळी फोनवर. परत करताना धुण्याच्या सोड्यानं तीनदा धुवायचा, मूठ आणि पट्टे साबणानं पुसायचे, नंतर एक दिवस कुणी हात लावायचा नाही. जूनमध्ये मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी आली. त्या वेळी आदल्या वर्षीच्या निंबोळ्या कामी आल्या. 5 किलो भुकटी रात्रभर भिजवून गाळायची, 100 लिटर द्रावण करायचं. अळी लहान असेल तरच गुण येतो. म्हणून पाळी लावताना एकच विचारायचं, अळी केवढी झालीय? शेत कुणाचं मोठं, ते विचारायचं नाही. यावरून आमच्यात भांडणंही झाली, ती सांगत बसत नाही.

एक सांगायलाच हवं. 16 लिटरचा पंप भरला की वीसेक किलो होतो. पट्टे पुरुषाच्या खांद्याच्या मापाचे, बाईच्या खांद्यावरून घसरतात आणि औषध पाठीवर गळतं. पंप नवऱ्याच्या पाठीवर असला, तरी पाणी आणणारी, औषध कालवणारी, त्याचे कपडे धुणारी कोण? 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा त्या कपडे धुणारीला काय झालं हे कुणी विचारलं? टाळेबंदीत तर बायका शिवलेला कापडी मास्क लावूनच फवारायच्या आणि निर्धास्त व्हायच्या. त्या मास्कमधून औषधाची वाफ अडत नाही. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर येत नसलं तरी रंग कळतो.

आम्ही आता पट्टे कापून, शिवून आमच्या मापाचे केलेत. शिलाई मशीन होतंच, मास्कसाठी आणलेलं.

वही मी बरोबर आणलीय. रकाने कसे पाडलेत ते जेवणाच्या सुट्टीत बघा. ज्यांना शेड उभारायचीय त्यांनी पंप घेण्याआधी वायसर कुठे मिळतात ते शोधून ठेवा.