पोलीस पाटील : मंजूर संख्याबळाबाहेरचा माणूस

पोलीस ठाण्याला बंद होण्याची वेळ नसते. स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातील घडामोडींची वेळेनिशी नोंद ठेवणारी वही, रात्रंदिवस चालू राहते आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस कर्मचारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. तरीही जालना जिल्ह्यातील आडवळणाच्या गावापुरते ठाणे उघडे आहे की नाही, हे त्याचा बीट अंमलदार, म्हणजे हद्दीतील ठरावीक गावे सोपवलेला हवालदार, त्या दिवशी कोठे आहे यावर ठरते.

अंगारकीला हा हवालदार राजूरच्या गणपतीच्या बंदोबस्तात असतो, दुसऱ्या दिवशी साक्षीसाठी न्यायालयात आणि तिसऱ्या दिवशी साप्ताहिक सुटीवर. नेमक्या त्याच रात्री मोसंबीच्या बागेतील विहिरीवरची केबल कापून नेली गेली, तर तक्रार नोंदवणे, वायरलेस ऐकणे आणि कोठडीवर लक्ष ठेवणे अशी तिन्ही कामे एकट्याने करणारा ठाणे अंमलदार शेतकऱ्याला ‘बीटवाले साहेब आले की या’ एवढेच सांगू शकतो. (हशा) १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे वॉरंटविना अटक करता येणाऱ्या गुन्ह्याची, खबर हद्द न पाहता घेणे बंधनकारक झाले असले, तरी त्याने पंचनाम्याला जाणारा माणूस वाढत नाही.

बीट अंमलदार नसताना गावात उरतो तो पोलीस पाटील. त्याचा निजामी राजवटीतला इतिहास जालनेकरांना सांगण्याचे कारण नाही. तथापि त्या काळी गावात दोन पाटील असत, सारा वसूल करणारा माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील, आणि या दोघांचा मानपान आणि पोळ्याच्या बैलाचा अग्रक्रम यांवरून जितकी भांडणे झाली, तितकी चोरांवरूनही झाली नसतील. (हशा) महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ मुळे पोलीस पाटीलकीची वंशपरंपरा संपली. आज उपविभागीय अधिकारी, म्हणजे महसूल खाते, ही नेमणूक करते आणि २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये झाले.

येथेच मूळ दोष आहे : गुन्ह्याची पहिली खबर ज्याने द्यायची, तो पोलिसांच्या मंजूर संख्याबळात मोजलाच जात नाही. ही वतनदारीची वकिली आहे, असा सूर मागील रांगांतून उमटला. परंतु परीक्षा देऊन आलेला, गावात राहणारा आणि गैरवर्तनासाठी निलंबित होऊ शकणारा माणूस वतनदार ठरत नाही. तो गावकीच्या गटबाजीत अडकतो हा आक्षेप मात्र खरा असून, म्हणूनच त्याची खबर तोंडी न राहता डायरीत क्रमांकासह नोंदली गेली पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आल्याने ठाणेनिहाय विवेचन सोडावे लागत आहे. (टाळ्या) या टाळ्या विवेचन सुटल्याच्या असल्या, तरी मागणी एवढीच उरते : प्रत्येक ठाण्याच्या फलकावर बीट अंमलदाराचा गावभेटीचा वार, पोलीस पाटलाचा दूरध्वनी आणि गेल्या महिन्यात बंदोबस्तात गेलेले दिवस शेजारी शेजारी लिहावेत.