अठरा की अठराहून अधिक?

६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. हा नियम पायथॉन भाषेत संगणकास सांगताना 'इनपुट' ही आज्ञा वय विचारते आणि 'इफ' निवाडा करते. मात्र अट 'अठराहून अधिक' अशी लिहिल्यास नुकतीच अठरा पूर्ण केलेली तरुणी हक्कास मुकते. 'अठरा किंवा अधिक' असेच लिहावयास हवे.

दुसरी चूक अधिक फसवी. 'इनपुट'ने आलेले वय संगणकाच्या लेखी संख्या नसून निव्वळ अक्षरे असतात. अटीतील १८ही अवतरणचिन्हांत लिहिल्यास तुलना शब्दकोशाप्रमाणे डावीकडून एकेक चिन्ह पाहून होते. मग ९ वर्षांचे बालक मतदार ठरते आणि १०० वर्षांच्या आजीबाईंचे नाव गळते! म्हणून आलेल्या उत्तराचे 'इंट' या आज्ञेने प्रथम पूर्णांकात रूपांतर करावे, मगच अट तपासावी.